वर्ध्याचे शेठजी

व्यापाऱ्याचें चरित्र सहसा कोणी लिहीत नाहीं. राजाचें लिहितात, सेनापतीचें लिहितात, संताचें आणि कवीचें लिहितात. व्यापाऱ्याचा सारा जन्म मात्र त्याच्या चोपड्यांत मिटून राहतो, आणि चोपड्या जुन्या झाल्या म्हणजे माळ्यावर जाऊन पडतात. वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांचीं चरित्रें निघालीं खरीं, परंतु तीं ते व्यापारी होते म्हणून निघालीं नाहींत. महात्मा गांधींचे पांचवे पुत्र, काँग्रेसचे खजिनदार, सेवाग्रामला जागा देणारे दानशूर गृहस्थ, अशी त्यांची ओळख लोकांच्या मनांत ठसली आहे. ती खोटी नाहीं, पण अपुरी आहे. जमनालालजी अखेरपर्यंत व्यापारी होते आणि अखेरपर्यंत प्रपंची होते. हिशेबाचा चोखपणा, दिलेल्या शब्दाची किंमत आणि माणसाची पारख हे पेढीवर कमावलेले गुण त्यांनीं देशकार्यांत जसेच्या तसे वापरले, आणि घरच्या माणसांनाही त्यांनीं त्याच वाटेनें आपल्याबरोबर नेलें. या दोन गोष्टी ध्यानांत घेतल्यावांचून त्यांच्या आयुष्याचा उलगडा होत नाहीं.

वर्धा शहर तसें फार जुनें नव्हे. इंग्रजी अमलांत १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वर्धा जिल्हा वेगळा करण्यांत आला, आणि पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागेवर १८६६ सालीं हें शहर आंखून वसविलें गेलें. पुढच्याच वर्षीं रेल्वे नागपुरापर्यंत पोंचली. तो काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि त्यांची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या जमिनीकडे वळली होती. हिंगणघाटची रुई परदेशच्या बाजारांतही नांवाजलेली होती. या कापसाच्या मागोमाग राजपुतान्यांतील मारवाडी व्यापारी कुटुंबें या भागांत येऊन स्थायिक झालीं. शेठ बच्छराज बजाज यांचें घर त्यांपैकींच एक. सावकारी आणि कापूस हे त्यांच्या पेढीचे मुख्य व्यवहार होते.

हा व्यवहार कसा चाले हें थोडें समजून घेतलें पाहिजे, कारण जमनालालजींची घडण त्यांतच झाली. पावसाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याला बियाण्याला व पोटाला पैसा लागे. तो पेढीकडून येई. दसरा-दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या बाजारांत लागत. काट्यावर वजन होई, मग कापूस जिनांत जाई. तेथें सरकी निराळी होऊन तीन भाग कापसांतून सुमारें एक भाग रुई हातीं येई. ती प्रेसमध्यें दाबून तिच्या गाठी बांधल्या जात आणि त्या रेल्वेनें मुंबईस रवाना होत. गाठ एकदां बांधली म्हणजे तिच्या पोटांत काय आहे हें विकत घेणाराला दिसत नसे. म्हणून सारा धंदा गाठीवरच्या छापावर, म्हणजे पेढीच्या नांवावर चाले. नांव गेलें कीं पेढी गेली.

या पेढीला वारस नव्हता. बच्छराजजींचा मुलगा अकालीं वारला होता. जयपूर संस्थानांतील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यांत कनीराम व बिरदीबाई हें त्यांच्याच कुळांतील एक गरीब जोडपें राहत असे. त्यांच्या पोटीं ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं जमनालाल जन्मला. हा मुलगा चार-पांच वर्षांचा असतांना बच्छराजजींनीं त्याला नातू म्हणून दत्तक घेतलें. अशी हकीकत सांगतात कीं, मुलाच्या बदल्यांत आईबापांनीं द्रव्य घेण्याचें नाकारलें. गांवांत पाण्याचे हाल होते म्हणून एक विहीर तेवढी बांधून मागितली, आणि ती बच्छराजजींनीं बांधून दिली. मरुभूमींत पाण्याची किंमत काय असते हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मागणीचें मोल कळेल. तरीपण ज्या मुलाचा हा व्यवहार झाला त्याला कोणी विचारलें नव्हतें. आईची कूस सोडून शेंकडों कोस दूर, परक्या मुलखांत, एका श्रीमंत घरांत तो वाढूं लागला.

शाळेचें शिक्षण त्याला चारच वर्षें मिळालें. १९०० सालीं शाळा सुटली आणि पेढीची गादी हीच त्याची शाळा झाली. १९०२ सालीं जावऱ्याच्या एका संपन्न मारवाडी घरांतील जानकीदेवी या मुलीशीं त्याचें लग्न लागलें. नवरदेव बारा वर्षांचा आणि नवरी नऊ वर्षांची. लहान वयांत रोजच्या खर्चासाठीं मिळणाऱ्या पैशांतून शिल्लक टाकून त्यानें लोकमान्य टिळकांच्या कार्याला शंभर रुपये दिले होते. पुढें लाखांनीं देण्याचे प्रसंग आले, तरी या शंभर रुपयांचा आनंद त्यांना कायम आठवत असे. कारण ते शंभर रुपये त्यांनीं स्वतः पोटाला चिमटा घेऊन सांठविले होते.

सतराव्या वर्षीं या मुलाच्या आयुष्यांत जो प्रसंग आला त्यानें पुढील सर्व जीवनाला वळण दिलें. साल १९०७. एका लग्नसमारंभाला जावयाचें होतें, आणि नातवानें दागदागिने घालून श्रीमंतीला शोभेल असें यावें असा आजोबांचा आग्रह होता. मुलानें नकार दिला. म्हातारे संतापले, आणि रागाच्या भरांत दत्तक मुलाला लागेल असें बोलले : ही सारी प्रीति केवळ इस्टेटीवर आहे. जमनालालनें त्यावर उलट शब्द बोलला नाहीं. त्यानें स्टँपाचा कागद घेतला आणि व्यापारी जसा करार लिहितो तसें रीतसर लिहून दिलें कीं, आजोबांच्या संपत्तीवर आपला कसलाही हक्क नाहीं व पुढेंही असणार नाहीं. त्या पत्रांत तक्रार नव्हती. आजोबांविषयीं आदर होता. मग अंगावरच्या कपड्यांनिशीं त्यानें घर सोडलें. आजोबांना पश्चात्ताप झाला, माणसें धांवलीं, समजूत घालून मुलाला परत आणलें. त्यानंतर लौकरच बच्छराजजी वारले आणि सोडून दिलेली सगळी दौलत पुन्हा त्याच मुलाच्या अंगावर येऊन पडली.

आतां खरी कसोटी होती. जो हक्क आपण स्टँपाच्या कागदावर सोडला ती संपत्ति भोगायची कशी? आजोबा गेले होते आणि कागदाची आठवण देणारें कोणी उरलें नव्हतें. दुसरा एखादा म्हणता, तो रागाचा प्रसंग होता, झालें गेलें गंगेला मिळालें. जमनालालजींनीं तसें मानलें नाहीं. वारशानें आलेली रक्कम ही आपल्याजवळची ठेव आहे असें त्यांनीं मनाशीं धरलें, आणि पुढें ती व्याजासह सत्कार्यांत खर्च केली असें त्यांचे चरित्रकार सांगतात. येथें ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्यांनीं संपत्ति टाकून दिली नाहीं. टाकून देणें सोपें होतें. त्यांनीं ती सांभाळली, वाढविली आणि दुसऱ्याची म्हणून तिचा हिशेब ठेवला. गांधीजींचा विश्वस्ततेचा विचार त्यांच्या कानांवर येण्यापूर्वींच वर्ध्याच्या या तरुणानें तो आपल्यापुरता आचरणांत आणावयास घेतला होता.

पेढीच्या कामांत त्यांचा कटाक्ष असाच होता. रुईचें वजन वाढावें म्हणून गाठी बांधण्यापूर्वीं तिच्यावर पाणी मारण्याची चाल व्यापारांत त्या काळीं सर्रास होती. सगळेच करतात, म्हणून त्यांत कोणाला पाप वाटत नसे. जमनालालजींनीं आपल्या कारखान्यांत ही चाल बंद केली. मुनिमांना हें प्रथम रुचलें नाहीं. वजन घटलें म्हणजे नफा घटणार हें उघड होतें. परंतु गाठ उघडल्यावर आंत कोरडी रुई निघते असा लौकिक एकदां पसरला, तेव्हां याच गाठींना गिऱ्हाईक अधिक खुशीनें येऊं लागलें. सचोटीनें धंदा बुडतो या समजुतीला त्यांनीं दिलेलें हें उत्तर होतें. १९२६ सालीं बच्छराज आणि कंपनी ही संस्था उभी राहिली. तिला नांव दिलें तें आजोबांचें, ज्यांच्या एका शब्दानें घर सोडावें लागलें होतें त्यांचें. पुढें १९३१ सालीं संयुक्त प्रांतांत गोला गोकर्णनाथ येथें साखरेचा कारखाना काढण्यांत आला. त्यावेळीं देशांत परदेशी साखरेचें राज्य होतें.

गांधीजींकडे ते गेले तेही व्यापाऱ्यासारखेच. मनाला वाट दाखविणारा कोणी पुरुष त्यांना हवा होता; देशांतील अनेक थोर माणसांच्या भेटी त्यांनीं घेतल्या होत्या. १९१५ सालीं गांधीजी आफ्रिकेंतून परतले, तेव्हां जमनालालजींनीं त्यांचीं भाषणें ऐकून समाधान मानलें नाहीं. ते आश्रमांत जाऊन राहिले, दिनचर्या पाहिली, बोलणें आणि वागणें यांत अंतर पडतें कीं काय हें बारकाईनें पारखलें. नमुना पाहिल्यावांचून माल घेऊं नये हा बाजाराचा नियम त्यांनीं येथेंही पाळला. पांच वर्षांच्या पारखणीनंतर, १९२० च्या डिसेंबरांत नागपूर काँग्रेसच्या वेळीं, स्वागताध्यक्ष असलेल्या या एकतीस वर्षांच्या शेठजीनें गांधीजींजवळ एक विलक्षण मागणें मागितलें : मला आपला पांचवा मुलगा माना. लहानपणीं त्याला न विचारतां दत्तक दिलें गेलें होतें. या वेळीं त्यानें आपण होऊन पिता निवडला. गांधीजींनींही तें नातें अखेरपर्यंत निभावलें.

त्यानंतर काँग्रेसची तिजोरी त्यांच्याकडे आली आणि दोन दशकें ती त्यांनीं सांभाळली. सरकारनें दिलेली रायबहादुर ही पदवी १९२१ सालीं त्यांनीं परत केली. असहकारांत वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या पोटापाण्यासाठीं त्यांनीं एक लाख रुपये दिले. त्याच वर्षीं त्यांच्याच आग्रहावरून गांधीजींनीं विनोबांना वर्ध्यास पाठविलें. १९२३ सालीं नागपूरच्या झेंडा सत्याग्रहांत त्यांना कैद आणि दंड अशी शिक्षा झाली. दंड त्यांनीं भरला नाहीं, तेव्हां सरकारनें त्यांची मोटार जप्त केली. परंतु तिच्यावर बोली लावणारा नागपुरांत कोणी निघाला नाहीं, अशी हकीकत आहे. ज्या बाजारपेठेंत शेठजी वाढले, तिनेंच दिलेली ही पावती होती.

आतां घराकडे वळूं. देशभक्तांच्या चरित्रांत बायकामुलांचा उल्लेख पुष्कळदां एका ओळींत उरकला जातो. जमनालालजींच्या बाबतींत तसें करणें अन्याय होईल. जानकीदेवी कर्मठ घरांत वाढलेल्या, पडद्यांत राहणाऱ्या, अंगभर सोनें घालणाऱ्या. पतीनें सांगितलें तेव्हां त्यांनीं सोनें उतरविलें, पडदा टाकला आणि खादी धरली. यांतील एकेका गोष्टीसाठीं त्या काळच्या मारवाडी समाजांतील स्त्रीला किती टोमणे सोसावे लागत, हें आजच्या गृहिणींना सांगूनही कळणार नाहीं. नऊ वर्षांची होऊन या घरांत आलेली ही स्त्री पुढें सभांतून हजारों लोकांपुढें बोलूं लागली, तुरुंगांत गेली. पतीच्या पाठीमागून चालणें त्यांनीं सुरू केलें, आणि चालतां चालतां त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

मुलांच्या बाबतींतही हाच कित्ता होता. श्रीमंताघरच्या लग्नांत पैसा पाण्यासारखा ओतण्याची चाल होती. जमनालालजींनीं थोरली मुलगी कमला हिचें लग्न १९२६ सालीं साबरमतीच्या आश्रमांत, गांधीजींच्या उपस्थितींत, अगदीं साधेपणानें लावलें. ज्या मुलानें एके काळीं दागिने घालून लग्नाला जाण्याचें नाकारलें, त्यानें बाप झाल्यावर आपला शब्द स्वतःच्या मुलीच्या मांडवांत खरा करून दाखविला. कमलनयन आणि मदालसा यांना विनोबांच्या हाताखालीं ठेवलें. धाकटा रामकृष्ण तर विद्यार्थिदशेंतच सत्याग्रह करून तुरुंगांत गेला. मुलांवर त्यांची माया उत्कट होती. ती लाड करण्यांत दिसली नाहीं. मुलांना आपल्या विचारांचे भागीदार करण्यांत दिसली. या मार्गांत घराला सोसावें लागलें हें नाकारतां येत नाहीं. बाप वारंवार तुरुंगांत, घरीं अष्टौप्रहर पाहुण्यांची वर्दळ, आणि लोकांचा पैसा हातांत असल्यामुळें घरखर्चाच्या पैपैवर नजर. अशा घरांत मुलांच्या वाट्याला बाप थोडाच येतो. तरीही पुढें यांपैकीं कोणी त्या वाटेला पाठ फिरविली नाहीं, हें त्या मायेचें प्रमाण होय.

घर आणि समाज यांची गांठ १९२८ सालीं पडली. वर्ध्याचें लक्ष्मीनारायणाचें मंदिर हें बजाज घराण्याचें, बच्छराजजींच्या काळांत बांधलेलें. त्या वर्षीं जुलै महिन्यांत जमनालालजींनीं तें अस्पृश्यांना खुलें केलें. एवढ्या मोठ्या आणि नांवाजलेल्या मंदिराचे दरवाजे अशा रीतीनें उघडण्याचें हें देशांतील अगदीं पहिल्या उदाहरणांपैकीं एक होतें. सनातनी मंडळींचा रोष झाला, जातभाईंनीं दोष दिला. परंतु त्यांनीं दुसऱ्याच्या देवळापुढें जाऊन उपदेश केला नाहीं. प्रथम आपल्या आजोबांच्या देवळाचें कुलूप काढलें. सुधारणेचा आरंभ स्वतःच्या उंबरठ्यापासून करण्याची ही त्यांची नेहमींची रीत होती.

१९३४ नंतर गांधीजी वर्ध्यास राहावयास आले आणि हें कापसाचें गांव देशाच्या राजकारणाचें केंद्र झालें. जमनालालजींनीं आपली बाग व इमारत अखिल भारत ग्रामोद्योग संघासाठीं दिली. तिला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हें नांव मिळालें. १९३६ सालीं गांधीजी जवळच्या शेगांवांत राहावयास गेले. त्या गांवाच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा जमनालालजींचा होता. वऱ्हाडांतील शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल चुकूं लागलें, म्हणून १९४० सालीं त्याचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें. बजाजवाडींत काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका भरत. खान अब्दुल गफारखानांसारखे पाहुणे तेथें घरच्यासारखे राहत. १९३७ सालीं नवभारत विद्यालयांत शिक्षण परिषद भरली आणि तीमधूनच वर्धा शिक्षण योजना जन्मास आली. एवढ्या पाहुण्यांत कोणाला कोणतें पथ्य, कोणाला कोणती खोली, याची शेठजी जातीनें विचारपूस करीत. आदरातिथ्य हा त्यांचा सार्वजनिक कार्याचाच एक भाग होता.

इतकें करूनही मनाला स्वस्थता नव्हती. आपल्या दोषांची यादी ते स्वतःच करीत. रोजनिशींत आणि गांधीजींना लिहिलेल्या पत्रांत ती उघडपणें मांडीत. तोट्याची कलमें झांकून ठेवणारा व्यापारी शेवटीं बुडतो, हें त्यांना पेढीनें शिकविलें होतें. १९४१ सालीं तुरुंगांतून प्रकृतीमुळें सुटका झाल्यावर ते आनंदमयी मातेच्या सहवासांत कांहीं दिवस राहून आले. पिता मिळाला होता, आतां आईची ओढ होती. मग राजकारणांतून मन काढून त्यांनीं गोसेवेचें काम घेतलें. त्याच वर्षीं गोसेवा संघ स्थापन झाला आणि वर्ध्याजवळ गोपुरी येथें एका साध्या झोपडींत ते राहूं लागले. मोठ्या पेढीचा धनी मातीच्या भिंतींत आनंदानें राहूं लागला, पण फार दिवस नाहीं. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन त्यांचें एकाएकीं निधन झालें. वय बावन्न. गोपुरीसच त्यांना अग्नि देण्यांत आला.

जानकीदेवींच्या मनांत सती जाण्याचा विचार आला. गांधीजींनीं त्यांना समजाविलें कीं, पतीचें अपुरें राहिलेलें काम अंगावर घेणें हेंच खरें सतीपण. त्यांनीं तें मानलें. गोसेवेचा भार त्यांनीं घेतला, आणि पुढें विनोबांच्या भूदान यात्रेंत कूपदानाची, म्हणजे विहिरींच्या दानाची, मोहीम चालविली. ज्या मुलाच्या मोबदल्यांत एका तहानलेल्या गांवाला एक विहीर मिळाली होती, त्याच्या पत्नीनें गरिबांच्या शेतांसाठीं विहिरी मागत फिरावें, हा योगायोग सहज विसरण्यासारखा नाहीं. १९५६ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. १९७९ सालीं त्या निवर्तल्या. कमलनयन यांनीं १९५७ पासून १९७१ पर्यंत लोकसभेंत वर्ध्याचें प्रतिनिधित्व केलें. जमनालालजींच्या नांवाचें टपाल तिकीट ४ नोव्हेंबर १९७० रोजीं निघालें. बजाज हें नांव आज यंत्रांवर आणि वाहनांवर घरोघर वाचलें जातें. तें एके काळीं कोरड्या रुईच्या गाठीवरचें नांव होतें, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें.

जमनालालजी गेल्यावर गांधीजींनीं लिहिलें कीं, श्रीमंतांनीं समाजाच्या हितासाठीं आपल्या संपत्तीचे विश्वस्त व्हावें असें लिहितांना आपल्या मनापुढें मुख्यत्वें हा व्यापारीच असे. हा आदर्श पूर्णपणें साधला असें जमनालालजींनीं स्वतः कधींही म्हटलें नाहीं. सतराव्या वर्षीं लिहून दिलेला कागद खरा करण्यासाठीं त्यांना पस्तीस वर्षें झटावें लागलें, आणि तें झटणें पेढीच्या गादीवर, मुलीच्या मांडवांत, आजोबांच्या देवळाच्या दारांत आणि तुरुंगाच्या कोठडींत सारखेंच चाललें. आपल्या घरीं जें आहे त्यांतलें आपलें किती आणि दुसऱ्याचें किती, हा प्रश्न त्यांनीं आयुष्यभर स्वतःला विचारला. तो प्रश्न केवळ लक्षाधीशांसाठीं नाहीं. महिनाअखेरीस घरखर्चाची वही उघडून बसणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला तो लागू आहे.